मयालीवरचं बाशिंग

माह्या नवऱ्याले दारूचं व्यसन नव्हतं, जुगाराचं नव्हतं, बाईचं तं नावच काढू नका. त्याईले कागदाचं व्यसन होतं. तुमी हसान. मीबी पहिले पहिले हसली. मंग पलंगाखाली टिनाच्या पेट्या आल्या, मंग त्या पलंगावर चढल्या, अन् एक दिवस माह्याच घरात माह्या लेकराले झोपवाले मले जागा सापडे ना, तवा माहं हसू गेलं.

आमचं पवनीले किराण्याचं दुकान, लहानसंच. मी सांगून राहिली ते चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असन. तवा सामान रद्दीच्या पुड्यात बांधून द्यायचं. भंडाऱ्याहून रद्दीचा गठ्ठा आला का आमचे हे, तुलाराम त्याईचं नाव, घेतलं आता, काय होते, तं हे गठ्ठा सोडून मांडी घालून बसत अन् एकेक कागद उजेडात धरून पाहात. गिऱ्हाईक जिऱ्यासाठी उभं. मी आतून बोंबलली, "अजी, जिरं बांधून द्या ना त्या बाईले!" तं म्हणत, "थांब वो, या कागदात नाही बांधत. याच्यावर मोर आहे."

त्याईच्या पेट्यात काय नव्हतं! कापडाच्या ताग्यावर चिकटवलेले जुने छाप, आगपेटीवरचे वाघ, फटाक्याच्या डब्यावरच्या बाया, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या गुलाबी जाहिराती, जुन्या कॅलेंडरवरचे देव, बिडीच्या कट्ट्यावरची, म्हंजे बंडलावरची, लेबलं. बाजारात सोबत गेलो का मी भाजी घेऊन राहिली अन् हे उकिरड्यावर वाकून पाहून राहिले. लाज नाही, काही नाही. लोकं मले विचारत, "पुष्पाबाई, तुलारामभाऊचं काय हरवलं?" मी म्हणलं, "डोकं."

एका वर्षी रद्दीत एक इंग्रजी पुस्तक आलं. कोण्या साहेबाचा बंगला खाली झाला होता म्हणे. पाटाएवढं मोठं, लाल कापडाची बांधणी, अन् आत नुसती चित्रं. दरेक चित्रावर एक पातळ दुधी कागद. नवरीच्या तोंडावरून पदर सारावा तसा तो सारायचा अन् मंग खालचं पाहायचं. इंग्रजी आमच्या दोघालेबी येत नव्हतं. पण हे आंघोळ करून, हात पुसून, पाटावर धुतलेलं धोतर आंथरून ते पुस्तक उघडत. पोथीले एवढा मान नव्हता आमच्या घरी.

एक दिवस मले हाक मारली. "अवो, इकडं ये. आधी हात धू."

मी पिठाचे हात धुवून गेली. मनात म्हणलं, या माणसाचं आता काही खरं नाही. पुस्तकात आंब्याची टोपली होती. एका पानावर ती नुसती पिवळी, फडक्यावर हळद सांडली तशी. काहीच समजे ना. दुसऱ्या पानावर त्याच पिवळ्यावर लाल चढला, अन् आंब्याले गाल आले. तिसऱ्या पानावर निळा चढला तं पानं हिरवी झाली, कोणी हिरवा न लावता! अन् चौथ्या पानावर काळा. काळा आला अन् टोपली अशी उठून उभी राहिली का मले आंब्याचा वास आला. खोटं कायले सांगू, माह्या अंगावर काटा आला.

"पाह्यलं?" हे म्हणाले. "एकाच कागदावर चार वेळा छापते. एका वेळी एक रंग. चारही बरोबर एकमेकावर बसले का मंग चित्रात जीव येते."

"आंबा झाडाले एकाच वेळा येते," मी म्हणलं अन् उठली. पण स्वयंपाक करता करता मले तीच टोपली दिसून राहिली होती. त्या दिवसापासून मी पेट्यावरून भांडणं कमी केलं. बंद नाही केलं, कमी केलं.

आमच्या समोर कुंताबाई राहे. पन्नाशीची, नवरा वारलेला, एकुलती एक लेक लग्न होऊन तुमसरले गेलेली. बिड्या वळून पोट भरे. दुपारी आमच्या सपरीत, दारापुढच्या पडवीत, उजेड चांगला, म्हणून मांडीवर सूप घेऊन येऊन बसे. सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, लाल दोरा. बोटंबी चालत अन् तोंडबी चाले. पण तिच्या डोळ्यात काचबिंदू झाला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेली ती नजर परत येत नाही, अन् उरली तेबी हळूहळू जाईन. बाजूचं तिले दिसतच नव्हतं. कोणी हाक मारली का कोंबडीवानी पूर्ण मान वळवून पाहे. म्हणे, "पुष्पे, मले आता बांगडीतून पाह्यल्यावानी दिसते. बांगडीच्या आत जेवढं मावते, तेवढंच."

एक दिवस हे तिले आपल्याजवळची बिडीची लेबलं दाखवून राहिले होते. तिनं एकेक कागद डोळ्याजवळ धरून पाह्यला, सारे पाह्यले, अन् विचारलं, "तुलारामभाऊ, सूपवाली छाप नाही का तुमच्यापाशी?"

"सूपवाली? नाव नाही आइकलं कधी."

"माही माय आहे त्याच्यावर," कुंताबाई म्हणाली.

कुंताबाईचं माहेर करडीचं. तिची माय तठीच बिडीच्या कारखान्यात कामाले जाय. मालकानं नवी छाप काढाचं ठरवलं, कोठून तरी एक चित्रकार आणला, अन् त्यानं साऱ्या बायातून हिच्या मायले निवडून पुढं बसवलं. मांडीवर सूप, हातात तेंदूचं पान. कारखान्याच्या मागंच मालकाचा दगडी छापखाना होता, दगडावर चित्र काढून छापाचा, तठी लेबल छापलं. गावात बोभाटा झाला, कुंताची माय सुरजी बिडीच्या कट्ट्यावर आली म्हणून. कुंता तवा पाळण्यात. पुढच्या वर्षी पटकीची साथ आली अन् माय गेली.

"अन् बापाचं डोकंच फिरलं," कुंताबाई सांगून राहिली होती. "लोकं बिड्या पीत अन् कट्ट्याचा कागद रस्त्यावर फेकून देत. त्याच्यावर लोकाचे पाय पडत, बैलं जात, शेण पडे. बाप रोज पहाटे उठे अन् गावभर फिरून मायचे कागद वेचे. घरी आणून पुशे, अन् जमले का वैनगंगेत शिरवून ये, आपण गणपती शिरवतो तसे. म्हणे, हिच्या तोंडावर कोणाचा पाय नाही पडला पाहिजे. शेवटी मालकाच्या पायावर डोकं ठेवलं, छाप बदलवा म्हणे. मालकानं बदलवली, सूर्य छापला. मी समजदार झाली तवा एकबी सूपवाली राहिली नव्हती. घरात एक ठेवावं, हे त्याले सुचलंच नाही. फाटका देव कोणी घरात ठेवते का? तसंच. सारी माय त्यानं गंगेले देऊन टाकली."

"एकबी नाही ठेवला, बाई?" मी विचारलं.

"एकबी नाही. फोटो तं कोणी काढलाच नव्हता. मले माही माय कशी होती तेच मालूम नाही, पुष्पे. सपनात येते तं तिले डोळे नसते."

मी निवडाचे तांदूळ बाजूले सारले. याईचे तं डोळे भरून आले. हा माणूस असाच, दुसऱ्याच्या दुखण्यात पहिले याचं नाक वाहे. उठले, टोपी घातली अन् म्हणाले, "कुंताबाई, तुमची नजर आहे तोवर मी ते लेबल आणून देतो."

मी कपाळावर हात मारला. पण मनात म्हणलं, देवा, आजवर काय काय भंगार याच्या हाती दिलं तू, एवढं एक सापडू दे.

मंग काय विचारता! सायकल घेऊन हे कोठी कोठी नाही गेले. मोहाडी, तुमसर, साकोली, अड्याळ. जुन्या पानठेल्याच्या फळ्या उचकून पाह्यल्या. म्हाताऱ्या बायाले त्याईच्या लग्नातल्या पेट्या उघडाले लावल्या, काहून का पेटीच्या झाकणाले आतून चित्रं चिकटवाची हौस होती त्या काळी. एका गावात तं लोकाईनं चोर समजून झाडाखाली बसवून ठेवलं. घरी येत ते धुळीनं माखलेले, अन् हाती दुसरंच काही तरी, घोड्याची छाप, मोराची छाप. सूपवाली नाही. दोन-तीन वर्षं हेच चाललं. त्या धुळीनं याईले दमा लागला. खोकलाले लागले का पाठीची कमान होऊन जाय.

मी भांडली. "मराचं आहे का कागदापायी?"

"कुंताबाईची बांगडी बारीक होऊन राहिली वो," म्हणत, अन् सायकल काढत.

शेवटी करडीलेच एक म्हातारा सापडला, बाबुलाल नावाचा. जवानीत त्याच दगडी छापखान्यात कागद उचलाचं काम करे. त्याले भेटून हे संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. तोंड उतरलेलं. मी भात वाढला.

"काय झालं जी?"

"संपलं," म्हणाले. "छाप बदलवली तवा कागद मस्त उरला होता. कोणावर एकच रंग, कोणावर दोन, अर्धवट छापलेला. मालक कुंताबाईच्या बापाले म्हणाला, नदीत टाकतो. अन् टाकला नाही. मोहाडीच्या बाशिंगवाल्याले विकला सारा गठ्ठा. बाशिंगात आतून थरावर थर कागद लागते ना, वरून बेगड. तो बाशिंगवाला मरेपर्यंत तोच कागद वापरत राहिला म्हणे. सारी सूपवाली लोकाईच्या लग्नात गेली."

माह्या हातातला पळा वाटीवरच राहिला. माहं माहेर मोहाडीचं.

आमच्याकडं रीत अशी, का लग्न झाल्यावर नवरीचं बाशिंग फेकत नाही. छपराखाली जी मधली मोठी मयाल असते, साऱ्या घराचा भार जिच्यावर राहाते ते लाकूड, तिले ते बांधून ठेवतात. नवरा जिवंत आहे तोवर त्याले हात लावाचा नाही. त्याच्या मागं ते गंगेले द्यायचं. माहं बाशिंग माह्या बापानं मोहाडीच्या बाजारातून आणलं होतं, अन् मी या घरात आली तवापासून ते आमच्या डोक्यावर टांगलेलं होतं. धुरानं काळं पडलेलं, पण शाबूत.

मी वर पाह्यलं. खाली पाह्यलं तं हेबी वरच पाहून राहिले होते. आमची नजरानजर झाली.

हे मान खाली घालून भात कालवाले लागले. "वरणात मीठ कमी आहे," म्हणाले.

मीठ बरोबर होतं.

त्याच्यानंतर या माणसानं सूपवालीचं नाव काढलं नाही. गावोगावच्या बायाच्या पेट्या उघडाले लावणारा माणूस, आपल्या घरी मान वर कराले तयार नाही! मयालीखालून जाताना जमिनीकडं पाहून जात. जेवाची जागा बदलवली, पाट पार चुलीजवळ नेला. सायकल भिंतीले टेकली ते टेकलीच. मी किती दिवस सहन करू? एक दिवस भडकली.

"अजी, बोलत काहून नाही? तोंडात काय बोळा कोंबला?"

"काय बोलू?"

"ते वर आहे ना!"

"असन, नसन," हे म्हणाले. "ते तुहं आहे. मी त्याले हात नाही लावत. तुले भेव वाटन."

भेव वाटतच होतं. त्या हिवाळ्यात हे पडून झोपूच शकत नव्हते, भिंतीले टेकून बसून राहात. छातीतून शिट्टी वाजे. अशा टायमाले मी बाशिंग सोडवू, अन् याईले काही झालं तं? लोकं काय म्हणतीन ते राहू द्या. मीच मले काय म्हणीन? कितीबी भांडली तरी मले हा माणूस पाहिजे होता, त्याच्या साऱ्या कागदासगट.

मी कुंताबाईले सांगून टाकलं. मले वाटलं ती रडन. तं ती भडकली.

"चूप बस, पुष्पे! मी पांढऱ्या कपाळाची बाई, तुह्या सौभाग्याचं बाशिंग सोलून मायचं तोंड पाहू? एवढी वाईट नाही मी. पुन्हा बोलशीन तं तुह्या सपरीत पाय नाही ठेवणार." अन् सूप उचलून घरी चालली गेली. मधी आमची ओट्याची पायरी होती, ती तिले दिसली नाही. पडता पडता राहिली, पण मांघं वळून पाह्यलं नाही.

कितीतरी दिवस आली नाही. मंग एक दिवस आपली आपणच आली, भिंत चाचपत, अन् जसं काही झालंच नाही तशी सूप घेऊन बसली. भर दुपार होती. होळी होऊन गेली होती, ऊन सपरीत आतपर्यंत आलं होतं. कुंताबाई पान कापता कापता थांबली अन् सहज म्हणाली, "पुष्पे, आज लवकरच अंधार पडला का वो? दिवा लाव ना."

मी पाह्यलं. ऊन तिच्या हातावर होतं.

झालं. माहं डोकं सणकलं. कोणावर सणकलं ते मालूम नाही. देवावर, डॉक्टरवर, त्या खोटारड्या मालकावर, तिच्या भोळ्या बापावर. मी पदर खोचला, शिडी लावली अन् वर चढली.

हे दुकानातून धावत आले. "अवो, काय करून राहिली? उतर!"

"तुमी खाली बसा," मी वरूनच म्हणलं. "माह्या डोळ्यापुढं बसा. अन् श्वास घेत राहा, बस. दुसरं काही करू नका."

मयालीपुढं मी हात जोडले. म्हणलं, मी नवऱ्याच्या वाईटासाठी नाही काढून राहिली. एका लेकीले तिची माय दाखवाची आहे. याच्यात पाप असन तं माह्या अंगावर घाल, याईले बोट लावू नको. अन् दोरा तोडला.

तुमाले आताच सांगून ठेवते, याईले काही झालं नाही. आताबी आतल्या खोलीत पेटी उघडून बसले आहेत अन् चहा मागून राहिले. बाशिंगबी मी दुसऱ्याच दिवशी मैद्याची नवी लई लावून, नवे कोरे कागद घालून उभं केलं अन् मयालीले बांधलं. पण तवा मले हे काहीच मालूम नव्हतं. शिडी उतरताना मी दर पायरीवर याईच्या छातीकडं पाहून घेतलं.

आंगणात उन्हात माह्या लग्नातली पितळी परात ठेवली. वैनगंगेचं पाणी कोमट करून ओतलं. कुंताबाई ओरडून राहिली होती, "नको वो पुष्पे, नको, मले नाही पाह्यचं!" मी तिचा हात धरून तिले परातीजवळ बसवलं. म्हणलं, "आता निघालं बाशिंग. परत टांगलं तरी निघालंच. पाहा, नाही तं डोळे मिटून बसा." डोळे काही मिटले नाही तिनं.

याईले मधीच खोकला आला का कागद फाटन, म्हणून सोडवाले मीच बसली. हे बाजूनं सांगत, "जोर नको लावू. मैद्याची लई आहे ती. पाणी सोडवन तेवढंच सोडव."

पहिले बेगड सुटली, मणी तळाशी गेले. मंग मागच्या अंगानं पहिला कागद अलग झाला. मी तो पाण्यातच पसरला. पिवळा. कागदभर बाजूबाजूले एकाच मापाचे पिवळे डाग, बाकी काही नाही.

कुंताबाई वाकून, मान फिरवत फिरवत पाहून राहिली होती. "काही नाही वो," म्हणाली.

"थांबा, कुंताबाई," हे म्हणाले. "आंबा अजून व्हायचा आहे."

तिले काय समजणार! मले समजलं, अन् मी दुसरा कागद सोडवाले घेतला.

दुसऱ्या कागदावर पिवळ्यावर लाल चढलेला. पदराचा काठ आला. कपाळावर कुंकू आलं. ओठ आले. "माय वो," कुंताबाई म्हणाली, अगदी हळू. मंग दोन कागद कोरेच निघाले. मले वाटलं संपलं. त्याच्या मागं एक होता, त्याच्यावर निळा. लुगडं हिरवं झालं, कोणी हिरवा न लावता. केस आले, गळ्यातली पोत आली, मांडीवरचं सूप आलं, पान धरलेली बोटं आली. सारं होतं. पण डोळ्याच्या जागी नुसतं कातडं.

"सपनात अशीच येते," कुंताबाई म्हणाली, अन् मांघं सरकली. "राहू दे पुष्पे. एवढं पुष्कळ आहे."

"पुष्कळ कायचं! गप बसा."

पुढच्या पुठ्ठ्याले चिकटलेला अखेरचा कागद राहिला होता. तो काही केल्या निघे ना. मी पाणी सोडत राहिली, नखानं कोपरा उचलत राहिली. आंगणात आवाज नाही. अन् एकदम माह्या ध्यानात आलं का याईच्या छातीतली शिट्टी आइकू नाही येऊन राहिली. पाह्यलं तं हा बाप्पा तोंड उघडं टाकून कागदाकडं पाहून राहिला.

"श्वास घ्या ना जी!" मी जोरात ओरडली.

"घेतो, घेतो," हे म्हणाले, अन् खोकलले. अन् कागद सुटला.

त्याच्यावर काळा होता.

मी आजवर देवळात गेली, जत्रा पाह्यल्या, मोठमोठ्या मूर्त्या पाह्यल्या. पण त्या परातीत मी जे पाह्यलं तसं कधी नाही पाह्यलं. रंग कालच लावल्यावानी ओले. अन् काळा जरासा सरकलेला. छापताना कागद हलला असन, म्हणूनच तो कट्ट्यावर न जाता गठ्ठ्यात पडला. जे चांगले छापले ते जळाले, तुडवले गेले, गंगेत गेले. हा बिघडलेला तेवढा राहिला. त्या बाईचे डोळे खाली सुपाकडं होते, पण सरकलेल्या रेघेनं पापणी जराशी वर उमटली होती. असं वाटे का पान वळता वळता तिले कोणी तरी हाक मारली, अन् ती आत्ता, आपल्यापुढं, मान वर करून राहिली.

हे हात जोडून बसले होते. त्या इंग्रजी पुस्तकापुढं बसत तसे नाही. तवा त्याईच्या तोंडात शब्द राहात, आता एकबी नव्हता. मीबी हात जोडले. आपोआप जोडल्या गेले.

कुंताबाई परातीवर वाकली. एकेक लेबल बांगडीएवढंच होतं. तिच्या नजरेत मावाले जेवढं पाहिजे, बरोबर तेवढं. मान फिरवावी लागली नाही. कपाळापासून सुपापर्यंत सारी माय तिले एकाच वेळी दिसली.

मी वाट पाहून राहिली का आता रडन, आता रडन. तिचं तोंड मात्र भलतंच झालं होतं, कोणी अनोळखी पाहुणी दारात उभी राहावी तसं.

"पुष्पे," ती म्हणाली, "ही तं पोरगी आहे वो."

"हो ना, बाई."

"माह्या लेकीहून लहान आहे. अन् मी जलमभर हिच्यावर रुसून बसली, मले टाकून गेली म्हणून. एवढीशी पोर, ती कोणाले काय टाकणार!"

तिनं तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं लुगड्याले पुसली. मंग एक बोट पाण्यात घालून त्या पोरीच्या केसावरून फिरवलं, भांगापासून खालपर्यंत, वेणी घालाच्या आधी लेकीच्या केसावरून फिरवतो तसं.

"जेवली का वो तू?" तिनं मायले विचारलं.

मी उठली. चुलीवर भाताचं आधण ठेवलं, अन् मापाच्या वर एक मूठ तांदूळ घातले.